दोघींचं पोलिश

नीलाला पोलिश येतं हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. चिंचवडच्या त्या पंपांच्या कारखान्यात ती कॅन्टीनला होती, ठेकेदाराच्या हाताखाली. नवरा भीमराज तिथेच लेथवर. मागे एकदा पोलंडहून मोठं बोअरिंग मशीन आलं, ते बसवायला तिकडचा फिटर आला. जेवणाच्या सुट्टीत नीलाने त्याला त्याच्या भाषेत ‘आणखी वाढू का’ विचारलं, तर त्याच्या हातातला चमचाच खाली पडला. पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट कॅन्टीनमध्ये गंमत म्हणून सांगितली जायची. मग लोक विसरले.

तिचं माहेर कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या शिवेला. महायुद्धाच्या काळात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. नीलाची आई सोजराबाई छावणीत धुणीभांडी करायला जायची आणि लहानगी नीला तिच्या मागे. ज्या बाईकडे आई काम करायची तिचं नाव झोफिया. तिची स्वतःची मुलगी रशियातून येताना वाटेतच गेली होती. पोलिशमध्ये बाईमाणसाला ‘पानी’ म्हणतात. कुणी ‘पानी झोफिया’ अशी हाक मारली की सुरुवातीला नीला तांब्या भरून आणायची आणि सगळ्या बायका हसायच्या.

गावात सोजराबाईला कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. इथे पानी झोफियाने तिच्या पोरीला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून पाव खायला घातला, मांडीवर घेऊन केस विंचरले. छावणी उठेपर्यंत नीला ती भाषा बोलायला शिकली. लिहायला-वाचायला नाही. खा, हात धू, थंडी वाजते का, कुठे लागलं, इकडे ये, एवढंच. त्या भाषेत तिला कधी कुणी ‘लांब हो’ म्हटलं नव्हतं, म्हणून पुढे लग्न झालं, घर बौद्ध झालं, पिंपरीला बिऱ्हाड आलं, तरी ती भाषा तिने मनात जपून ठेवली होती.

आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. संप बंद, सभा बंद, आणि ठेकेदाराच्या माणसांना कायम करण्याचा विषय तर कुणी काढतच नव्हतं. पाऊस सरत आला होता, तेव्हा उत्तर कोरियाहून पाच जण पंप पाहायला आले. चार पुरुष आणि एक बाई. त्यांच्यातल्या एकालाच इंग्रजी येत होतं, आणि पुण्यात उतरल्या दिवशीच त्याचं पोट इतकं बिघडलं की त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. दिल्लीहून दुसरा दुभाषा यायला वेळ लागणार होता. साहेब लोक आणि पाहुणे समोरासमोर बसून नुसते हसत राहिले. शेवटी वेळ काढायला म्हणून पाहुण्यांना कारखाना दाखवायला नेलं.

बोअरिंग मशीनपाशी ती कोरियन बाई थांबली. मशीनवर पोलिशमध्ये कोरलेली पितळी पाटी होती. तिने वाकून ती पाटी मोठ्याने वाचली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बदलला. उद्धवराव पाहुण्यांबरोबर होते. ते पर्सोनेल ऑफिसर, हुशार माणूस, कामगारांच्या घरची लग्नंकार्यं लक्षात ठेवणारे. त्यांनी ताबडतोब कॅन्टीनमध्ये निरोप धाडला.

नीला ओले हात पदराला पुसत आली. समोर निळ्या कोटातली, आखूड केसांची, तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान बाई. त्या फिटरनंतर नीला ती भाषा कुणाशी बोललेली नव्हती. मग कुणी घरी आल्यावर विचारतात तेच तिने विचारलं, “याद्वाश?” म्हणजे, जेवलीस का?

त्या बाईचे डोळे भरून आले, पण चेहरा तसाच राहिला. “याद्वाम,” ती म्हणाली. जेवले. “आणि तू?”

पोलंडची माणसं भेटल्याबरोबर असं विचारत नाहीत. कोरियात विचारतात, हे नीलाला नंतर कळलं. आपल्याकडेही विचारतात. पहिल्या शब्दापासून दोघी पोलिशच बोलत होत्या, पण बोलत होत्या ते आपापल्या घरातलं.

तिचं नाव ओक-सून. कोरियातल्या लढाईत आईबाप गेले तेव्हा ती लहान होती. तशी शेकडो पोरं आगगाडीत घालून पोलंडला पाठवली होती. एका खेड्यातल्या मोठ्या घरात ती वाढली. सांभाळणाऱ्या बायकांना मुलं आईच म्हणत. ती सोळा वर्षांची असताना सगळ्यांना परत नेलं. तेव्हापासून पोलिश बोलायला तिला कुणी मिळालं नव्हतं, आणि मिळावं अशी इच्छा बोलून दाखवण्याची सोयही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बैठक सुरू झाली. मोठे साहेब मराठीत बोलायचे, नीला पोलिशमध्ये सांगायची, ओक-सून ते कोरियनमध्ये त्यांच्या प्रमुखाला सांगायची. प्रमुखाचं नाव ली. पन्नाशीचा, सुकलेल्या चेहऱ्याचा माणूस. उत्तर त्याच वाटेने उलटं यायचं. अडचण अशी की दोघींचं पोलिश स्वयंपाकघरातलं आणि पोरांच्या खोलीतलं. स्पेअर पार्टला काय म्हणायचं हे नीलाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “पंपाची पोरं.” ओक-सूनने न हसता ते तसंच पुढे सांगितलं, आणि ली पहिल्यांदा हसला. गॅरंटीचं आलं तेव्हा नीला म्हणाली, “वर्षाच्या आत तो आजारी पडला तर आम्ही येऊन औषध देऊ.” मोठ्या साहेबांना शब्द कळत नव्हते, पण पाहुणे मोकळे झालेत हे दिसत होतं. ते खूश होते.

उद्धवरावांनी नीलाला केबिनमध्ये बोलावून खुर्चीवर बसवलं. हे काम नीट पार पडलं तर तुम्हाला कायम करायचं माझ्याकडे लागलं, म्हणाले. घरी जाऊन तिने भीमराजला सांगितलं. भीमराज फारसा बोलणारा नव्हता. त्या दिवशी मात्र तो बाहेर जाऊन मटण घेऊन आला.

रविवारी पाहुण्यांना आळंदी दाखवायला न्यायचं ठरलं. कारखान्याच्या दोन गाड्या निघाल्या. इंद्रायणीला पाणी भरपूर होतं. देवळाकडे जाताना पाहुण्यांपैकी एकजण सारखे फोटो काढत होता. ली घाटावर लांब जाऊन एकटाच उभा राहिला. नीला आणि ओक-सून पायऱ्यांवर बसल्या. उद्धवराव थोड्या अंतरावर पान लावून घेत होते.

त्या दिवशी ओक-सून पुष्कळ बोलली. तिला एक मुलगा होता. तो झोपताना तिच्या तोंडून कधीकधी पोलिश शब्द निघून जायचे, मग ती ते लगेच कोरियनमध्ये फिरवून घ्यायची. “तेच शब्द, पण फिरवले की गार होतात,” ती म्हणाली. नीलाने तिचा हात हातात घेतला. हात खरंच गार होता. कोरियनमध्ये ‘जेवलीस का’ कसं म्हणतात ते नीलाने विचारून घेतलं, मराठीत कसं म्हणतात ते तिला सांगितलं. ‘थंडी वाजते का’, ‘पांघरूण घे’, ‘परत कधी येशील’, एकेक वाक्य पोलिशमध्ये म्हणायचं आणि पलीकडे आपापल्या भाषेत न्यायचं, असा त्यांचा खेळ बराच वेळ चालला.

मग लीकडे बघत ओक-सून हळूच म्हणाली, की म्हाताऱ्याला झोप येत नाही. त्यांच्या खाणीत पाणी शिरलंय, माणसं गेलीत. हिवाळ्याच्या आत पंप नेले नाहीत तर त्याने परत न गेलेलं बरं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची काळजी सांगावी तसं तिने ते सांगितलं.

परतताना गाडीत उद्धवरावांनी सहज विचारलं, काय एवढं बोलणं चाललं होतं मैत्रिणींचं. नीलाने मुलाचं सांगितलं, आगगाडीचं सांगितलं, आणि मग खाणीचंही सांगितलं. लपवावं असं त्यात तिला काही वाटलं नाही. उलट कंपनीला कळलं तर कंपनी घाई करेल असं वाटलं.

“साहेब, तेवढं पंप लवकर द्या त्यास्नी,” ती म्हणाली. “माणसं मेली म्हनं आत.”

उद्धवराव म्हणाले, “देऊ की, नीलाबाई. आपण माणसंच आहोत.”

सोमवारी बैठकीत मोठे साहेब बदललेले होते. आधी सोडायला तयार असलेली एकेक गोष्ट त्यांनी परत घट्ट धरली. भाव उतरणार नाही, सगळे पैसे आधी, आणि ‘पंपाची पोरं’ वेगळी विकत घ्यावी लागतील. नीला सांगत गेली, ओक-सून पुढे सांगत गेली. ली मान हलवत राहिला. मग साहेब मागे रेलून बसले आणि नीलाला म्हणाले, “त्यांना सांगा, हिवाळ्याच्या आत पंप नेल्याशिवाय यांना घरी तोंड दाखवता येणार नाही, हे आम्हाला माहीत आहे.”

ओक-सूनचं बोलणं आता तिला ओक-सूनलाच पोलिशमध्ये सांगायचं होतं, आणि ओक-सूनला ते आपल्या तोंडाने लीला. नीला उद्धवरावांकडे बघू लागली. ते समोरचे कागद नीट लावत होते.

“साहेब म्हणतात, थंडी येतेय,” नीला पोलिशमध्ये म्हणाली. “लवकर ठरवलं तर बरं.”

ओक-सूनने तेवढंच सांगितलं. लीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तेवढ्यावर ते मिटलं असतं. पण आजारी दुभाषा त्याच सकाळी दवाखान्यातून सुटून आला होता आणि भिंतीशी खुर्ची टाकून बसला होता. आपल्या बोलण्याचा काहीच परिणाम होत नाही हे बघून साहेबांचा धीर सुटला. त्यांनी तेच वाक्य, खाणीचा उल्लेख जोडून, त्याला इंग्रजीत ऐकवलं. तो माणूस उठला आणि लीच्या कानाशी लागला. लीने मान वळवून ओक-सूनकडे पाहिलं. बैठक तिथेच थांबली.

दुपारी गेस्ट हाउसच्या खोलीत नीलाला बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला ली, दुभाषा आणि तो फोटो काढणारा माणूस. उद्धवराव एका कडेला. ओक-सून टेबलाच्या टोकाला उभी, हात सरळ खाली सोडलेले. दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं, उद्धवरावांनी मराठीत. नदीवर तुमचं दोघींचं जे काही बोलणं झालं ते शब्द न् शब्द पुन्हा म्हणायचं. नीलाने पोलिशमध्ये म्हणायचं, ओक-सूनने कोरियनमध्ये सांगायचं. दुभाषा लिहून घेईल.

नीला बोलू लागली. जेवलीस का. ओक-सूनने ते कोरियनमध्ये सांगितलं. दुभाष्याने लिहिलं. तुझे हात गार आहेत. लिहिलं. तुला मूल आहे का. एक मुलगा आहे. पांघरूण घे. परत कधी येशील. घाटावर ज्या वाक्यांनी त्या दोघी हसल्या होत्या ती एकेक करून टेबलावर येत होती आणि पलीकडचा माणूस मान वर न करता ती उतरवून घेत होता. ओक-सूनचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं सांगत असल्यासारखा. मुलगा झोपताना तिच्या तोंडून पोलिश शब्द येतात, तेवढं नीलाने गाळलं. ओक-सूनने एकदाच डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं.

मग लीने खाणीचं विचारलं.

“ते मीच माझ्या मनानं बोललो, साहेब,” असं नीला उद्धवरावांना मराठीत म्हणाली आणि लगेच पोलिशकडे वळली. “हिने काही सांगितलं नाही. म्हातारा माणूस नदीपाशी एकटा उभा होता, त्याच्या तोंडावरून मला कळलं. पंप कशाला लागतात? पाणी उपसायला. पाणी कुठे शिरतं? खाणीत. माझी बहीण कोळशाच्या खाणीवर दिलेली आहे, मला समजतं.”

तिला बहीण नव्हती. ओक-सूनने सगळं सांगितलं, बहिणीसकट. लीने नीलाकडे पाहिलं. त्याला ते खरं वाटलं असं नव्हे, पण ते धरून चालायला तो तयार होता असं नीलाला वाटलं. शेवटी ओक-सून त्याच्याचसाठी हळहळली होती. त्याने दुभाष्याकडे बघून हात हलवला, पुरे आता, अशा अर्थाने.

तेव्हा उद्धवराव बोलले. कंपनीवर आळ येईल, पाहुण्यांच्या मागे माणसं लावली असं वाटेल, ऑर्डर हातची जाईल, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. ते इंग्रजीत भरभर बोलले. नीलाला त्यातलं ‘लेडी’ कळलं, ‘आळंदी’ कळलं, आणि उद्धवरावांचं बोट ओक-सूनकडे गेलेलं दिसलं.

दुभाष्याने ते कोरियनमध्ये सांगितलं. आता लीला ते धरून चालण्याजोगं काही उरलं नव्हतं.

नीलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिला कळलंही नाही. ओक-सून जागची हलली नाही. “न्ये प्वाच,” ती म्हणाली.

फोटो काढणाऱ्याने लगेच काहीतरी विचारलं. काय म्हणालीस, असंच असणार. ओक-सूनने त्याच्याकडे वळून ते कोरियनमध्ये सांगितलं. रडू नकोस. दुभाष्याने तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी करारावर सह्या झाल्या, साहेबांना हव्या तशा. पेढे वाटले. ओक-सून तिथे नव्हती. बरं नाही, खोलीत आहे, असं सांगण्यात आलं. नीलाने गेस्ट हाउसवर चहा न्यायचा प्रयत्न केला, पण दारातल्या माणसाने किटली तिच्या हातून घेतली आणि दार लावलं. संध्याकाळी गाड्या निघाल्या तेव्हा ती फाटकाशी उभी होती. मागच्या गाडीत दोघांच्या मध्ये निळा कोट दिसला. काच वर होती.

आठवडाभराने उद्धवरावांनी तिला नोकरीत कायम केल्याचा कागद दिला. शब्दाला जागणारा माणूस होता तो. नीलाने कागद हातात घेतला आणि विचारलं, “साहेब, त्या दिवशी गप का बसला न्हाईत?”

“नीलाबाई, मला कंपनीचं बघावं लागतं. आणि त्यांच्या बाईला काय होणार आहे? बोलणी खाईल, झालं.”

“तुमी बघितलं न्हाई तिच्याकडं.”

“तुम्ही भावनेच्या भरात आहात,” ते म्हणाले. “कागद जपून ठेवा.”

घरी तिने तो कागद भीमराजपुढे ठेवला आणि परत द्यायचा म्हणाली. भीमराजने चिमणीखाली धरून तो दोनदा वाचला. पिंपरीच्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत दोन पोरी झोपल्या होत्या, थोरलीची फी राहिली होती.

“तू दिलास म्हून ती सुटती का?” त्याने विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

पहिली तारीख आली, ती कायमच्यांच्या रांगेत उभी राहिली आणि सही करून पगार घेतला. तो हातात असताना तिला भीमराजचा राग आला, आणि त्याचं बरोबर होतं याचा त्याहून जास्त आला.

त्यानंतर ती बदलली, असं तिच्याबरोबर कॅन्टीनला असलेली गोजाबाई सांगायची. बोलायची, हसायची, पण कुणी साहेब चौकशी करायला लागला की तिचं उत्तर एका शब्दाचं. पोलिश तर तिच्या तोंडून गेलंच. तिने टाकलं असं नाही. वाक्य आठवलं की त्याच्या मागोमाग कुणीतरी ते लिहून घेतंय असं वाटायचं, आणि ती ते मनातच मोडायची.

तीन वर्षांनी उत्तर कोरियाचं दुसरं शिष्टमंडळ आलं. पंप चांगले चालले होते, आणखी हवे होते. सगळी माणसं नवी, इंग्रजी फाडफाड बोलणारा दुभाषा बरोबर. जेवण नीलाच्याच हातचं होतं. उद्धवराव आता मॅनेजर झाले होते. वाढताना ती त्यांच्या खुर्चीपाशी थांबली आणि ओक-सूनचं विचारा म्हणाली. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. ती पुन्हा म्हणाली.

“जुनं कशाला उकरता?” ते हलक्या आवाजात म्हणाले. “वाढा तुम्ही.”

मग तिने टेबलापलीकडे बघून स्वतःच नाव घेतलं, “ओक-सून.” आणखी एकदा घेतलं. पाहुण्यांचं बोलणं थांबलं. त्यांच्यातल्या वयस्क माणसाने दुभाष्याला काही सांगितलं, दुभाष्याने उद्धवरावांना, आणि उद्धवरावांनी तिला.

“त्या नावाचं त्यांच्याकडे कधी कुणी नव्हतं म्हणतात.”

“आलती ती. हितंच बसलीवती, साहेब. तुमी हुता की.”

उद्धवरावांनी पाहुण्यांकडे बघून हसून घेतलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “नसेल मला आठवत.”

नीला भांडं घेऊन आत आली. गोजाबाईने तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता वाढायचं काम आपल्याकडे घेतलं. नीला तांदळाच्या पोत्यावर बसून राहिली. बाहेर सुऱ्या-चमच्यांचा आवाज येत होता, मधूनच साहेबांचं मोठ्याने हसणं. ओक-सूनचा मुलगा आता केवढा झाला असेल याचा ती हिशेब करू बघत होती, पण त्याचं वय विचारायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला तशी ती उठली आणि भाताचं आधण ठेवलं.